दगडावरचा पंजा

मित्रांनो, मी एक जुना छापखान्यातला दगड आहे. मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, कारण माझी भीती अजून गेलेली नाही.

हवानात सिगारेटच्या पाकिटांवरची चित्रे माझ्यावर काढत आणि शाई लावून माझ्यावरून कागदावर छापत. छपाई संपली की सेवेरो मला वाळूने घासून कोरा करी. त्याच्या घासण्याची सगळे तारीफ करत. सेवेरो काळा, गुलामीतून सुटलेला. त्याची मुलगी कासिल्दा मागच्या खोलीत सिगारेटी वळायची. चित्रे मात्र त्यांच्याच लोकांची थट्टा करणारी असत. गिऱ्हाईक हसायचे, पाकीट खपायचे.

एके दुपारी चित्रकार उर्कियासाहेबांनी कासिल्दाचेच चित्र काढले. ओठ सुजलेले, डोळे बटबटीत.

"साहेब, माझी पोरगी अशी नाही दिसत," सेवेरो म्हणाला.

"ठाऊक आहे रे. पण जशी आहे तशी काढली तर हसणार कोण?"

साहेब जेवायला गेल्यावर कासिल्दाने ते पाहिले. "बाबा, मासेवाली आधीच मला 'पाकिटावरची बया' म्हणते. हे बाहेर गेलं तर मी बाजारात जायचं कसं?"

दगडाला उघडा हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. हाताचा तेलकटपणाही कागदावर छापून येतो. सेवेरोने उजवा पंजा चरबीत बुडवला आणि त्या चेहऱ्यावर दाबला. त्या हाताची करंगळी अर्धी होती. मी भ्यालो, पण दगडाला ओरडता येत नाही.

पहिल्याच कागदावर काळा पंजा उमटला. मालक त्याच आठवड्यात आलेला, नवखा.

"डावा हात दिसतोय, करंगळी अर्धी. सगळ्यांनी डावे हात टेबलावर ठेवा. सापडला की चाबूक, मग तुरुंग."

सेवेरोने डावा हात ठेवला. त्या हाताची करंगळी पुरी होती.

दगडावरचे कागदावर उलटे येते, उजवे डावे होते, हे उर्कियासाहेबांना पक्के ठाऊक. ते सेवेरोच्या पाठीमागे धरलेल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. आता बोलतील, आता बोलतील, असे मला वाटत होते.

"जाऊ द्या मालक," ते म्हणाले. "उद्या दुसऱ्या दगडावर काढतो."

आणि त्यांनी काढले. हजारो पाकिटे गेली. कासिल्दाने बाजारात जाणे सोडले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. पण कुणाचे चित्र पाहून हसू आले, तर क्षणभर थांबा. ते माणूस कदाचित दाराआड उभे असेल, तुमचे हसणे संपायची वाट बघत.