नांगराच्या दोरीवरची दोन बोटे

माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, होडीच्या पुढच्या टोकाशी बसत आणि नांगराच्या दोरीवर दोन बोटे ठेवून असे निश्चल होत, की जणू एखाद्या आजाऱ्याची नाडीच पाहत आहेत. मागे बसून गळ टाकण्याचे काम माझ्याकडे असे. मी व्यवसायाने शिंपी. विवाहानंतर सुट्टीच्या दिवशी या जलविद्येत ओढला गेलो.

दोरीचे शास्त्र सोपे, परंतु हट्टी आहे. आमचे मासे पाण्याखालच्या एका खडकाभोवती राहत. नांगर प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा आणि होडी खडकावर येईतो दोरी सोडायची. भरती चढली म्हणजे पाणी खोल होते, दोरी ताठ उभी राहते आणि नांगर तळ सोडू पाहतो. तेव्हा ती थोडी सैल करावी लागते. अधिक सोडली, तर मासे तिकडे आणि आपण इकडे. नांगर सरकू लागला की दोरीत बारीक कंप उठतो, आणि तो मामांच्या बोटांना तत्काळ कळे.

अलीकडे मात्र त्यांची बोटे बधिर होऊ लागली होती. एके सकाळी त्यांच्या हातून चहाचा पेला निसटला, तेव्हा माझ्या पत्नीने बापाकडून वचन घेतले, की ज्या दिवशी दोरी कळणार नाही त्या दिवशी होडी कायमची किनाऱ्याला लागेल. मामा दिल्या शब्दाला जागणारे. त्यामुळे पाण्यावर माझेच डोळे त्यांच्या बोटांवर खिळलेले असत, कारण पाण्यावाचून मामा कसे दिसतील याची मला कल्पनाच करवत नसे.

त्या दिवशी धुके पसरले होते. पाणी आणि आकाश यांमधली शिवण माझ्यासारख्या शिंप्यालाही सापडेना. किनाऱ्यावरचे धुराडे आणि पाण्याची टाकी तेवढी पुसट दिसत होती. होडी खडकावर असली की धुराडे टाकीच्या मागे दडे, ही आमची खूण.

भरती चढत होती. पाहता पाहता ते धुराडे टाकीमागून हळूच बाहेर आले. आम्ही जागीच आहोत आणि किनारा झोपेत चालू लागला आहे, असा भास झाला. ते दृश्य इतके शांत होते, की त्याचा अर्थ मला उशिरा कळला. मामांची बोटे दोरीवर होती, आणि चेहऱ्यावर काहीच नव्हते.

मग त्यांनी मागे न वळता विचारले, "जावईबापू, सरकतंय का?"

असा प्रश्न त्यांनी मला कधीही केला नव्हता. 'नाही' हा शब्द ओठांपर्यंत आला आणि परत गेला.

"सरकतंय, मामा."

"वाटलंच. मासे गप्प झाले तुमचे."

नंतर ते पालथे पडले आणि त्यांनी ओली दोरी दातांत धरली. मामांच्या मुखात दात मोजके, आणि तेही एकमेकांशी अबोला धरलेले. डोळे मिटून त्यांनी हाताने खूण केली, तशी मी दोरी सोडली. नांगर रुतला. पुन्हा खूण झाली, तशी मी ती वीतवीत ओढून घेऊ लागलो. होडी धुक्यातून परत खडकाकडे निघाली. अखेर त्यांचा तळवा वर उठला. धुराडे टाकीमागे गेले होते.

संध्याकाळी पत्नी किनाऱ्यावर आली. दातांना कळले, असे सांगून मामांना सुटता आले असते. त्यांनी दोन्ही हात लेकीपुढे केले.

"बोटांना नाही कळलं. यांनी सांगितलं. होडी किनाऱ्याला."

दातांचे वृत्त मीच निवेदन केले. तिने बापाचे एकेक बोट दाबून पाहिले, मग मला विचारले, की तुम्हाला कळते का दोरी. मी नाही म्हणालो.

"मग आधी यांना शिकवा, अप्पा. यांना कळली, की मगच होडी किनाऱ्याला."

मामांनी मला नखशिखान्त न्याहाळले आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "यांना फार वर्षं लागतील."

"लागू देत," ती म्हणाली, आणि होडीची दुसरी बाजू धरून ती रात्रीपुरती वाळूवर ओढू लागली.