बोलायला बंदी असलेलं दुकान

मिताली संशयी नव्हती, असं तिचं स्वतःचं म्हणणं. पण चहाशिवाय पान न हलणारा नवरा दर शनिवारी "ऑफिसला जाऊन येतो" म्हणून निघायचा आणि अंगाला कॉफी-सिगरेटचा वास घेऊन परतायचा, तर बायकोनं करायचं काय? त्यात पँट धुवायला टाकताना खिशात काडेपेटी सापडली. जन्मात सिगरेट न ओढलेल्या माणसाच्या खिशात काडेपेटी! शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

इथे योकोहामातच उभा संसार केलेल्या शेजारच्या पद्मिनीताईंना तिनं ती दाखवली. त्यांनी वरची जपानी अक्षरं वाचली. "अगं, आपल्या इथल्या नोगे भागातलं कॉफीचं दुकान आहे. फुकट वाटतात ते असल्या काडेपेट्या." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अंधारं असतं म्हणे आत. एकदा बघूनच ये बाई." झालं! आगीत तेल ओतून ताई मोकळ्या.

खरं दुखणं वेगळंच होतं. मागच्या वर्षी आठव्या महिन्यात मितालीची मुलगी पोटातच गेली. ती महिनोन्‌महिने रडली. पुष्करनं इस्पितळाचे कागद केले, रोज कुकर लावला, तिच्या डोक्याला तेल लावलं, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तेव्हापासून तिला वाटायचं, याचं मन आपल्यात नाहीच. ते दुसरीकडे निघालं, तर बॅग भरून सरळ पुण्याला जायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

शनिवारी ती त्याच्या मागोमाग निघाली आणि ट्रेनमध्ये शेजारच्या डब्यात चढली. नोगेच्या गल्लीत तो एका दारातून आत गेला. जरा वेळ थांबून तिनंही दार ढकललं.

आत खुर्च्या एसटीतल्यासारख्या, सगळ्या एकाच दिशेला. समोर कपाटाएवढे दोन स्पीकर. माणसं बरीच, पण कोणी कोणाशी अवाक्षर बोलत नव्हतं. तिसऱ्या रांगेत पुष्कर, आणि त्याच्या शेजारी चॉकलेटी कोटातली एक जपानी बाई. मितालीच्या देखत त्या बाईनं पर्समधून रुमाल काढून त्याला दिला. आणि यानं तो घेतला!

"अरे—" एवढंच तिच्या तोंडून निघालं, तोच म्हातारे मालक ओठांवर बोट ठेवून लगबगीनं आले. कमरेत वाकले आणि त्यांनी भिंतीवरची पाटी दाखवली: तोंडावर बोट धरलेलं चित्र. भांडायचीसुद्धा सोय नाही मेली! मिताली धुमसत मागच्या रांगेत बसली.

काउंटरवर चालू रेकॉर्डचं कव्हर उभं केलं होतं. कुठल्याशा जुन्या इटालियन सिनेमाचं संगीत. रडका असणार, ती मनात फणकारली. व्हायोलिनं लावली की झालं यांचं काम.

पण पुढची धून सुरू झाली, तेव्हा आधी एकटी क्लॅरिनेट आली. अंगाई म्हणता म्हणता कोणी विसरावं, तशी अडखळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मग व्हायोलिनांनी ती उचलून घेतली, आणि मितालीनं घाईघाईनं डोळे पुसले. कोण कुठली माणसं, आपण न पाहिलेला सिनेमा, आणि हे काय होतंय मला? इस्पितळात पांढऱ्या दुपट्यातलं ते गाठोडं नर्सनं हातांवर ठेवलं होतं. हातांना तेच वजन पुन्हा जाणवलं.

समोर पुष्करचे खांदे गदगदत होते. तो रडत होता. चॉकलेटी कोटवालीही रडत होती, पण त्याच्याकडे न बघता, आपलं आपण.

रेकॉर्ड संपली. बाईनं डोळे पुसले, पुष्करनं परत केलेला रुमाल 'राहू द्या' अशा हाताच्या खुणेनं नाकारला आणि ती निघून गेली. ओळख ना पाळख. मितालीचा संशय फिटला, पण हायसं वाटायच्या ऐवजी तिला भयंकर राग आला.

"पुष्कर, घरी का नाही रडलास?"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. पुष्कर दचकून मागे वळला. तिला बघून त्याचा चेहरा उतरला.

"तू रडत होतीस," तो कसाबसा म्हणाला. "मीही रडलो असतो, तर तुला सावरलं कोणी असतं?"

"सावरायला नर्स होती, पद्मिनीताई होत्या." तिचा आवाज फुटला. "वर्षभर मला वाटत राहिलं रे, माझ्या पोरीला बापच नव्हता."

पुष्कर उठून मागच्या रांगेत, तिच्या शेजारी येऊन बसला. मालक पुन्हा बोट ओठांवर ठेवत आले, दोघांकडे बघून थबकले आणि हात खाली करून परत गेले.