रिकामा आणि कोरडा

मी बोलतोय, सुटे भाग धुण्याचा स्टीलचा ट्रे. ट्रे म्हटल्यावर तुम्हाला चहाचे कप आठवले असतील, तर ते विसरा. माझ्यात लष्करी विमानांच्या इंजिनांमधले बेअरिंग, दातेरी चाकं आणि बोल्ट धुतले जायचे. पाहुण्यांपुढे मिरवणाऱ्यांची माझी जात नव्हे.

माझा जन्म याच दुरुस्ती कारखान्यातला. पत्राकामातल्या एकाने उरलेल्या पत्र्यातून मला वाकवलं, कोपरे जोडले आणि धुलाईच्या टेबलावर आणून ठेवलं. तिथे नाना काम करायचे. एकोणीस वर्षं आम्ही दोघांनी त्याच टेबलावर काढली. नाना जरा तऱ्हेवाईक होते. धुताना भागांशी गप्पा मारायचे, "किती मळलास रे बाबा," असं बेअरिंगला म्हणायचे. मला मात्र ते ट्रेसाहेब म्हणायचे. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

माझ्यात ओतायचं द्रावण पाण्यासारखं नितळ होतं, वास गोडसर. त्यात तेलाचा थर बघता बघता सुटायचा आणि दुपारपर्यंत द्रावण काळं पडायचं. आमच्याकडे नियम होता, की पाळी संपताना ट्रे रिकामा आणि कोरडा पाहिजे. आग लागू नये म्हणून केलेला, चांगलाच नियम. भोंग्याआधी विभागाचे साहेब येऊन माझ्या तळावर बोट फिरवायचे. बोट कोरडं निघालं की नाना वहीत सही करायचे. माझ्यातलं द्रावण गेलं कुठे, हे लिहायला त्या वहीत रकानाच नव्हता.

आधी त्यासाठी एक पिंप होतं. ते भरलं आणि न्यायला गाडी काही येईना. नानांनी विचारलं तेव्हा साहेबांनी मागच्या भिंतीकडे मान हलवली. झालं, त्या दिवसापासून रोज भिंतीमागच्या खडीवर ओतायचं. खडी सगळं पिऊन टाकायची, शिवाय तिथे गवत उगवत नाही म्हणून साहेब खूश. भिंतीपासून दीडशे पावलांवर बोअरवेल होती. कामगारांच्या क्वार्टर्सना पाणी तिथूनच जायचं.

नानांचं घर त्याच क्वार्टर्समध्ये. एक दिवस टेबलावर काम करता करता ते शेजाऱ्याला हसत सांगत होते, की सून म्हणते पाण्याला गोडसर वास येतो. तिला सातवा महिना लागला होता, या दिवसांत नाक तिखट होतंच, असं त्यांचं म्हणणं. शिवाय वास त्यांच्याच कपड्यांना यायचा, तोच घरभर पसरला असणार. तेव्हा मीही त्यांच्यासोबत हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

सुनेने मात्र ऐकलं नाही. तिने तक्रार लिहून दिली आणि पाण्याचे नमुने घ्यायला एक तपासनीस बाई आल्या. बाटल्या भरून झाल्यावर त्या आमच्या विभागात आल्या. साहेबांनी मला उचललं, उजेडात धरलं, ट्रे कसा लखलखतोय बघा म्हणाले. वरून एकोणीस वर्षांच्या सह्या दाखवल्या. बाईंनी वही चाळली आणि रोजचं पाच लिटर द्रावण गेलं कुठे, एवढंच विचारलं.

"ते नानांना विचारा," साहेब म्हणाले. "कुठे ओतायचं हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही."

असा केसाने गळा कापतात माणसं. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी आम्ही चकचकीत राहिलो, त्यांनी आमचाच चकचकीतपणा पुढे केला आणि स्वतः हात झटकले. ओरडायला मला तोंड नव्हतं.

"ओतलं मीच," नाना म्हणाले. "पण साहेब, दोन वर्षांपासून तुमच्या टेबलावर बाहेरून जारचं पाणी येतं. ते कशामुळे, तेही यांना सांगा ना."

साहेबांनी वही मिटली आणि त्यांना मीटिंगची आठवण झाली. त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षं ठाऊक होतं आणि तरी ते रोज माझा तळ तपासून समाधानाने घरी जात होते.

दोन आठवड्यांनी बाई अहवाल घेऊन आल्या. बोअरच्या पाण्यात तेच द्रावण सापडलं होतं. नानांना तोवर कामावरून बाजूला केलेलं होतं, जबाबावर सही करायला तेवढं बोलावलं होतं. नोकरीचं, पेन्शनचं त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

"सुनेला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"ते पाणी आजपासून पिऊ नका, असं सांगा."

"आजपासून," नाना म्हणाले. "आणि कालपर्यंत ती प्यायली, त्याचं काय सांगू?"

बाईंनी खाली मान घालून मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, तोंड सील केलं आणि वर नंबर चिकटवला. जाताना नानांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझा राग आला असेल, तर तो रास्तच आहे. त्यांच्या घरात विष गेलं ते माझ्यातूनच.

आता मी पुरावा म्हणून एका कपाटात पडून आहे. चौकशी चालू आहे म्हणतात. तुमच्यापैकी कुणी हे कपाट उघडलंत, तर साहेबांचं काय झालं ते मला सांगू नका. नानांच्या सुनेचे दिवस केव्हाच भरले असतील. बाळ सुखरूप आहे का, एवढंच सांगा.