बांधावरचा माणूस

ललिता कांबळे मुरगूडच्या शाळेत भूगोल शिकवायची. सत्त्याण्णव साली तिनं एक जुना कॅमेरा घेतला आणि दर रविवारी शेतं, डोंगर टिपत हिंडू लागली. सोबत नवरा असायचा, नागसेन. तो एसटीच्या वर्कशॉपात होता. स्कूटर चालवायची, पिशवी धरायची आणि फोटोत यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

कोल्हापुरात गणपतरावांच्या स्टुडिओवरच्या खोलीत हौशी फोटोवाले महिन्यातून एकदा जमायचे. आपला फोटो भिंतीला टाचायचा आणि बाकीच्यांनी मोकळेपणानं बोलायचं, अशी तिथली पद्धत. ललिता पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं बिद्रीजवळचा फोटो नेला. धुक्यात बुडालेला ऊस, लांबवर कारखान्याची चिमणी, आणि बांधावर एक छोटीशी काळी आकृती. तो नागसेन होता. "बाजूला व्हा" म्हटल्यावर तो नेमका फोटोत येणाऱ्या बाजूलाच सरकला होता. धुकं सुरेख आलं होतं म्हणून तिनं फोटो आणला होता आणि त्या माणसाबद्दल माफी मागायचं ठरवलं होतं.

तिनं तोंड उघडायच्या आत गणपतराव चष्मा पुसत भिंतीजवळ गेले.

"ह्यो माणूस काढला तर फोटोत ऱ्हातंय काय? धुकं काय, सगळ्यांकडंच हाय की!"

डॉक्टर वर्षाराणी म्हणाल्या, "किती एकटा वाटतोय. खांदे बघा, कसे पडलेत."

खांदे पिशवीच्या ओझ्यानं पडले होते. पण सगळे इतक्या आपुलकीनं बोलत होते की ललितानं नुसती मान डोलावली.

नागसेन खाली चहाच्या गाड्यावर बसला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"म्हंजे मी चांगला आलोय?"

"तुम्ही चांगले आलाय असं नाही. तुमच्यामुळं फोटो चांगला झालाय."

"मग त्येच की."

"तेच नाही हो," ती म्हणाली. पण फरक काय, ते तिलाही सांगता येईना.

पुढच्या रविवारी तिनं त्याला पन्हाळ्याच्या तटावर मुद्दाम उभं केलं. "खांदे पाडा," म्हणाली.

"कसं पाडू? पिशवी दे आधी."

महिन्यानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लागले. गणपतरावांनी भिंग धरून नवा फोटो पाहिला. "ताई, ह्यो नाटकातला वाटतोय. पैला माणूस खरा हुता. कुठं भेटलता त्यो? त्यालाच परत गाठा."

"तो आणि हा एकच आहे. माझे मिस्टर आहेत."

"न्हाय हो. उंची बघा की!"

कुणालाच पटेना. शेवटी ललितानं खिडकीतून हाक मारून नागसेनला वर बोलावलं. तो दारात अवघडून उभा राहिला. मंडळी एकदा त्याच्याकडं, एकदा भिंतीकडं बघू लागली.

"त्या सकाळी तुमच्या मनात काय चाललं होतं?" वर्षाराणींनी हळूच विचारलं.

नागसेननं खरोखर आठवून बघितलं. "मला वाटलं, मी फोटोच्या भायेर हाय."

कुणी हसलं नाही. गणपतरावांनी भिंग खाली ठेवलं. "आता ताईंना काय सल्ला द्यायचा, माझं मलाच कळंना."

त्यानंतर बिद्रीच्या रस्त्याला स्कूटर थांबली की नागसेन विचारायचा, "आत ऱ्हाऊ का भायेर?" ललिता कॅमेऱ्यातून बराच वेळ बघायची. शेताला माणूस हवा की नको, हे पूर्वी तिच्या डोक्यातही येत नव्हतं. आता त्याशिवाय दुसरं काही येईना. "तुम्ही आपले चाला," ती म्हणायची, आणि कधी तो असताना, कधी गेल्यावर बटण दाबायची.

रोल धुऊन आला तेव्हा तिनं सगळे फोटो पलंगावर पसरले. एकही निवडता येईना. नागसेननं त्यातला एक उचलला. त्यात कुणीच नव्हतं. नुकतंच कुणी चालून गेल्यासारखं बांधावरचं गवत दबलेलं होतं.

"ह्यो ने."

"का?"

"ठावं न्हाय. बघत बसावं वाटतंय."

तिनं तोच नेला. मंडळींनी तो पाहिला, जवळून पाहिला, लांबून पाहिला. शेवटी गणपतराव म्हणाले, "ह्यात काय चुकलंय, सांगता येईना."

हे कौतुक होतं की काय, ते मुरगूड येईपर्यंत ललिताला उमगलं नाही. नागसेनला विचारलं तर तो म्हणाला, "पुढच्या म्हैन्यात त्यास्नीच इचार की." पुढच्या महिन्यात जायचं तर नवा फोटो हवा, म्हणून तिनं नवा रोल घ्यायचं ठरवलं.