यवतमाळचा बर्फ

कापसाचे भाव पडलेल्या त्या सालात शेजारचे नाताळच्या सुट्टीत शिमल्याला जाऊन आले आणि बर्फाचे फोटो दाखवून त्यांनी कमलाकररावांच्या घरची शांतता घालवली. म्हणून पुढच्याच शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, कमलाकरराव आपल्या दोन्ही लेकरांना, पियूष आणि भैरवीला, घेऊन गावाबाहेरच्या कापूस खरेदी केंद्रावर गेले. खिशात भाजलेल्या शेंगा होत्या, म्हणजे सहलीत काही उणं नव्हतं.

"हा घ्या बर्फ!" ते कापसाच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले.

विकायला आणलेल्या आपल्या ढिगाशी बसलेल्या तुळसाबाई हसल्या. "खेळू द्या भाऊ. लेकरं हायेत."

लेकरं घसरली. मग इकडेतिकडे बघून, शेंगा फोडत फोडत, कमलाकररावही घसरले.

थोड्या वेळानं कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला. त्यानं ढिगात हात घातला आणि शेंगांची टरफलं बाहेर काढली. "कचरा आहे बाई. ग्रेड उतरली, भाव कमी लागेल."

"मी तं येचून येचून भरला जी!"

कमलाकरराव आभाळाचं बारकाईनं निरीक्षण करू लागले.

ग्रेडर वळला, तसे तेही निघाले. "भाऊ, थांबा जरा," तुळसाबाई म्हणाल्या. त्या लेकरांच्या स्वेटरला चिकटलेला कापूस वेचू लागल्या, मग कमलाकररावांच्या. खिशापाशी टरफलं कुरकुरली. तुळसाबाईंचा हात थांबला.

"तुमीबी घसरलते का जी?" एवढंच विचारून त्यांनी मूठभर कापूस ढिगावर नेऊन ठेवला.

ग्रेडर अजून फाटकातच होता. कमलाकररावांनी हाक मारली असती, तर त्याला ऐकू गेली असती.

"चला रे," कमलाकरराव पोरांना म्हणाले, "बस चुकेल."