नव्वद सुया

मनकर्णाबाईंना नव्वद सुया द्यायच्या होत्या. रोज एक, एकही दिवस न चुकता. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. मी बुलढाण्याला क्षयाच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि बायको जाऊन मला चार वर्षं झाली होती. स्वयंपाक स्वतःच करायचो आणि करपला की शिव्याही स्वतःलाच द्यायचो.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भगवंतराव, या औषधानं छाती सुधारते, पण कधी कधी कान जातात. रोज विचारायचं, कानात काही वाजतं का? हो म्हणाल्या की सुई बंद, बाकीचं गोळ्यांवर भागवू. वेळेवर थांबलं तर कान वाचतात. गेलेले परत येत नाहीत."

देऊळघाटच्या शिवारात, वांग्याच्या मळ्याच्या पार टोकाला बाईंना झोपडी घालून दिली होती. नवरा किसनराव वाईट नव्हता, भित्रा होता. दोन्ही वेळची भाकर बांधावरच्या दगडावर ठेवायचा, लांबूनच हाक मारायचा आणि बाई उठायच्या आत पाठ फिरवायचा. मला त्याचा संताप यायचा. मळ्यातली वांगी सगळ्या गावाला चालत होती, ती पिकवणारी मात्र चालत नव्हती.

मी गाडरस्त्यावरूनच सायकलची घंटी वाजवायचो. ती ऐकली की बाई चूल पेटवून पाणी ठेवायच्या. मी पोहोचेपर्यंत पाण्याला उकळी आलेली असायची. त्यात सुई आणि काचेची पिचकारी उकळायची, औषधाची पूड पाण्यात विरघळवायची आणि टोचायचं. मग त्या चहा करायच्या आणि मी तो प्यायचो. त्यांच्या हातचं पिणारा गावात दुसरा कोणी नव्हता.

एकदा त्यांनी विचारलं, "भाऊ, दुखनं छातीत अन् सुई कमरंत, हे काऊन हो?"

"रक्तातून जाते, बाई. अंगभर फिरते, मंग छातीत पोचते."

"म्हंजे एका वाफ्यासाठी तुमी सारं वावर भिजवता? माह्या सासऱ्यानं असं पानी सोडलं असतं तं मळा कवाच सडला असता. आमी ज्याचं पानी त्याच वाफ्याले देतो. तुमच्या डाक्तरले एवढं जमत नाई?"

मी खूप हसलो.

सुई टोचली की मी विचारायचो, "बाई, कानात काही वाजते का?"

"काईच नाई," त्या म्हणायच्या. मी दवाखान्यात तसं सांगायचो.

बावन्नाव्या दिवशी झोपडीतून धूर दिसला नाही. बाई पाठमोऱ्या बसून मिरच्या निवडत होत्या. मी अगदी मागे जाऊन घंटी वाजवली. मिरच्या निवडणं चालूच होतं. माझी सावली सुपावर पडली तेव्हा त्या दचकून वळल्या.

"आज घंटी नाई वाजवली, भाऊ?"

"वाजवली ना. दोनदा वाजवली."

"मंग माहं ध्यान नसन," असं म्हणून त्या घाईघाईनं चुलीपाशी गेल्या.

टोचून झाल्यावर मी मोठ्यानं विचारलं. त्यांनी आधी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "काईच नाई."

परतताना चढावर सायकल हातात धरून चालत होतो आणि मला सगळं लख्ख कळत होतं. दवाखान्यात एक शब्द सांगितला की काम झालं असतं. पण मग दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुठे गेलो असतो? माझी वाट पाहून कोणी पाणी ठेवावं असं पृथ्वीच्या पाठीवर तेवढंच एक ठिकाण होतं. कळतं पण वळत नाही म्हणतात, तसं झालं. मी सांगितलं, "काही तक्रार नाही."

त्यानंतर अडतीस सुया उरल्या होत्या. त्या अडतीस दिवसांत मी तो प्रश्न एकदाही विचारला नाही. घंटी वाजवणंही सोडलं. जाऊन समोर उभा राहायचो, मग त्या चूल पेटवायच्या. पाणी उकळेपर्यंत अर्धा तास जास्त बसायला मिळायचं आणि मला ते आवडायचं. आता लाज वाटते, पण आवडायचं हे खरं.

शेवटची सुई झाली. थुंकी तपासली होती, ती स्वच्छ आली होती. किसनराव न्यायला आला होता आणि तरीही बांधाच्या पलीकडेच उभा होता. बाईंनी मला चहा दिला.

"भाऊ, आता सांगाले हरकत नाई. कान पैल्या महिन्यापासून वाजत होते. रातकिडे भरल्यावानी. आता तं तेबी आयकू येत नाई. हो म्हटलं असतं तं तुमी येनं बंद केलं असतं. धुऱ्यावरच्या दगडावर भाकर येते, मानूस नाई येत."

"बाई, मले माहीत होतं," असं मी म्हणालो. कपात पाहून म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही, आणि मी मान वर करून पुन्हा म्हणालो नाही.

वर्षभरानं देऊळघाटच्या बाजारात त्या दिसल्या. अंगावर मांस चढलं होतं. रस्त्याकडे पाठ करून टोपलीत वांगी रचत होत्या. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्यच तोंड लपवत होता. समोर जायला दोन पावलं पुरली असती. पण त्या हसून 'भाऊ' म्हणाल्या असत्या आणि ते मला सोसलं नसतं.

मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभा राहिलो आणि अडतीस दिवस न विचारलेलं विचारलं, "बाई, कानात काही वाजते का?"

शेजारचा मिरचीवाला माझ्याकडे पाहू लागला. बाईंनी एक किडकं वांगं बाजूला काढलं आणि दुसरं हातात घेतलं.