साडेतीन किलोंची चोरी

आमचे हे तीस वर्षं पार्सलच्या काउंटरवर बसले. ऑफिसात सगळे यांना काटेवालेच म्हणत. निवृत्तीच्या दिवशी यांनी मोडीत निघालेला एक वजनकाटा घरी आणला आणि थेट जेवणाच्या टेबलावर मांडला. तेव्हापासून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

परदेशात समुद्राकाठच्या रस्त्याने दोन हजार किलोमीटर सायकलीवर जायचं, हे आमचं लग्नाआधीच ठरलं होतं. आधी मुलगी झाली, मग सासूबाईंचं आजारपण आलं, आणि ते राहून गेलं. शेवटी यंदा तिकिटं काढली, तर त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात यांच्या हृदयाने दगा दिला.

चार महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं सामान लादून मोठ्या पुलाचा चढ न थांबता चढलात, तर मी अडवणार नाही. थांबावं लागलं तर विषय संपला."

मग घरात वजन उतरवणं सुरू झालं. यांनी टूथब्रशचे दांडे करवतीने कापले, एका टॉवेलचे चार केले. माझ्या स्वेटरची बटणं काढायला निघाले तेव्हा मी म्हणाले, "आता दात तेवढे घरी ठेवा."

"कवळी असती तर ठेवली असती," हे गंभीरपणे म्हणाले.

अठरा किलोंची यांची बॅग अकरावर आली. माझीही अकराच. त्याच्या खाली काही केल्या जाईना.

अकरा किलो घेऊन हे दोनदा पुलाच्या अर्ध्यावर उतरले. दोन्ही वेळा म्हणाले, "चेन सरकली गं." चेन जागच्या जागी होती. मी वाकून बघितल्यासारखं केलं.

तिसऱ्या खेपेला निघण्याआधी हे आंघोळीला गेले, तेव्हा मी यांच्या बॅगेतला स्टोव्ह, तंबूच्या काठ्या आणि हत्यारांचा डबा काढून माझ्या बॅगेत कोंबला. यांची बॅग रिकामी दिसू नये म्हणून एक उशी उसवून तिचा कापूस भरला. बॅगाही मीच सायकलींना अडकवल्या. पुढे खरे डोंगर लागतील, तेव्हा काय, याचा विचार मी केला नाही. मला त्या रस्त्यावर हे सोबत हवे होते, बाकी काही नको होतं.

हे पूल चढले. एकदाही पाय न टेकता चढले. मी मागून धापा टाकत पोचले, तर हे कठड्याला टेकून हसत होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

"अगं, छाती मोकळी झाली बघ. आतून कळतंय मला." तिथूनच यांनी मुलीला फोन लावला. "तुझा बाप बरा झाला," असं म्हणाले, तीन वेळा म्हणाले. घरी येईपर्यंत हे शीळ घालत होते.

मी पाणी आणायला आत गेले. पार्सलच्या कामात एक नियम असतो. पत्ता न सापडून परत आलेलं पार्सल पुन्हा वजन करूनच आत घ्यायचं, म्हणजे वाटेत कुणी हात मारला असेल तर कळतं. यांच्या घरी तीस वर्षं राहून एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं. यांनी सवयीने बॅग काट्यावर ठेवली.

मी पेला घेऊन बाहेर आले तेव्हा काट्यावर साडेसात होते. यांनी बॅग उघडली आणि कापूस बाहेर आला.

हे ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते, ते मला जमतं. पण यांनी कापूस हाताने दाबून परत आत घातला.

"बाकीचं तुझ्याकडे होतं?"

"हो."

"म्हणजे साडेचौदा किलो घेऊन चढलीस." माझ्या हातातला पेला घेतला आणि म्हणाले, "छान चढलीस."

हे खुर्चीत बसले आणि हात आपसूक छातीवर गेला. चढताना तिथे गेला नव्हता. अर्धा तास मी यांना खरोखर बरं केलं होतं आणि आता माझ्याच हाताने पुन्हा आजारी पाडलं होतं.

फोन वाजला. मुलीचा होता. यांनी तो माझ्यापुढे सरकवला.

"तू सांग तिला. माझ्याच्याने नाही व्हायचं."

मी फोन उचलला. "आई, मी रजा टाकली," ती हसत म्हणाली, "तुम्हाला विमानात बसवायला येतेय. बाबा कुठे आहेत? दे ना त्यांना."